साउथँप्टन ते साउथँप्टन: पस्तीस रात्री, अकरा बंदरे आणि बाकी सगळे पाणी

जानेवारीच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या साउथँप्टनहून निघायचे, अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटे गाठायची, मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याने वर सरकायचे आणि फेब्रुवारीत पुन्हा त्याच बंदरात यायचे, अशा लांब फेऱ्या ब्रिटिश क्रूझ कंपन्या हिवाळ्यात काढतात. माहितीपत्रकात पोपट, पांढरी वाळू आणि पनामा कालवा असतो. नुसत्या समुद्राचे फोटो त्या मानाने कमीच. म्हणून आधी हिशोब.

इथे धरलेला मार्ग असा: मदेरा बेटावरचे फुंशाल, बार्बाडोसचे ब्रिजटाउन, ग्रेनेडाचे सेंट जॉर्जेस, क्युरासावचे विलेमस्टाड, कोलंबियाचे कार्ताहेना, पनामाचे कोलोन, कोस्टा रिकाचे पुएर्तो लिमोन, होंडुरासचे रोआतान, बेलीझ सिटी, जमैकाचे ओचो रिओस, परतताना अझोर्सचे पोंता देल्गादा. कंपनीप्रमाणे एखाददुसरे बंदर बदलते, सांगाडा हाच राहतो. ३५ रात्री, ११ बंदरे आणि २३ दिवस नुसता समुद्र. बंदरात जहाज साधारण आठ तास थांबते. म्हणजे जमिनीवर ८८ तास, धड चार दिवससुद्धा नाहीत. ज्याला बंदरे बघायची आहेत त्याने विमानाने जाऊन एकेका ठिकाणी चार दिवस राहिलेले बरे. ज्याला सहा सहा दिवस क्षितिजावर काही न दिसण्याचा कंटाळा येत नाही, त्याच्यासाठी मात्र या सहलीला तोड नाही.

महिना जानेवारीच का, याला कारण आहे. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. पनामात डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडे दिवस असतात. याची किंमत दोन्ही टोकांना मोजावी लागते: बिस्केचा उपसागर आणि परतीचा उत्तर अटलांटिक जानेवारी-फेब्रुवारीत खवळलेलाच सापडतो.

त्यामुळे पैसे कुठे घालायचे, तर आधी केबिनच्या जागेवर. बाल्कनी आहे की नाही हा नंतरचा प्रश्न. जहाज दोन तऱ्हांनी हलते. कुशीवर डोलते, ते स्टॅबिलायझरचे पंख बऱ्यापैकी आवरतात. नाक वर-खाली करते, त्यावर त्या पंखांचा काही उपाय चालत नाही. हे दुसरे हलणे पुढच्या आणि मागच्या टोकाला सर्वात जास्त, मध्यावर आणि खालच्या डेकवर सर्वात कमी. ज्यांना बोट लागते त्यांनी मधली, खालची, खिडकीची केबिन घ्यावी. वरच्या डेकवरची पुढची बाल्कनी महाग असते आणि पोटाला तीच सर्वात वाईट. नकाशात केबिनच्या वर आणि खाली काय आहे तेही पाहावे. वर बुफे असेल तर पहाटे पाचला खुर्च्या सरकवल्याचे आवाज, खाली नाटकगृह असेल तर रात्री अकरापर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा शांत. ३५ रात्री झोपायचे आहे, एक नव्हे.

बाल्कनी घ्यायचीच तर तिचा उपयोग कधी, हेही लक्षात असू द्या. मदेरापर्यंत आणि अझोर्सनंतर तिथे वाऱ्यापुढे उभे राहवत नाही. पश्चिमेकडे जाताना ऊन डाव्या बाजूला, म्हणजे दक्षिणेकडे असते. परतताना उजव्या बाजूला. पूर्ण फेरीत दोन्ही बाजूंना सारखेच मिळते, त्यामुळे बाजूसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

बोट लागण्याच्या गोळ्या आपल्याकडच्या सिनारिझिनच्या चालतात, पण त्या जहाज हलायला लागण्याआधी घ्यायच्या असतात. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात राहतच नाही. साउथँप्टन सोडल्यावर पहिल्या चोवीस तासांत बिस्के येतो, म्हणून पहिली गोळी निघतानाच. गोळीने झोप येते. मद्यासोबत घेऊ नये, आणि इतर औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्यावी.

मदेरा ते बार्बाडोस हे सलग सहा दिवस म्हणजे या सहलीचा खरा माल. ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी असतात, लाट मागून येते, जहाज रेटल्यासारखे पुढे जाते. दर दिवशी हवा एकेक डिग्रीने उबदार होत जाते आणि चौथ्या दिवशी स्वेटर कपाटात जातो. घड्याळ या टप्प्यात चारदा एक तास मागे जाते, म्हणजे चार रात्री तासभर जादा झोप. पुढे कोलंबिया-पनामात आणखी एक, कोस्टा रिकात आणखी एक. हे सहाही तास परतीत वसूल होतात, आणि ती वसुली जाणवते.

फोन मात्र विमान मोडवरच. समुद्रात जहाजाचे स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते आणि त्याचा रोमिंग दर कोणत्याही पॅकमध्ये बसत नाही. फोनने आपोआप पकडले की बिल सुरू. जहाजाचे वाय-फाय हल्ली उपग्रहामुळे बरे चालते, पण ते पूर्ण फेरीसाठी घेतले तरच परवडते.

जेवणाबद्दल. ब्रिटिश जहाजावर 'व्हेजिटेरियन' म्हणजे अंडे चालते असाच अर्थ धरतात. सूपला कोंबडीचा अर्क, जेलीत जिलेटिन, वूस्टर सॉसमध्ये अँचोवी मासा, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. अंडेही नको असेल तर 'व्हीगन, पण दूध-दही चालते' असे सांगणे सर्वात सोपे पडते. जैन जेवण हवे असेल तर आरक्षणानंतर लगेच, निघण्याच्या दोन-तीन महिने आधी लेखी कळवावे. जहाजावर पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला भेटावे. दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्री दाखवून त्यातून वेगळे करून देण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली चालते. आयत्या वेळी सांगितले तर उकडलेल्या भाज्या येतात, त्यात आचाऱ्याचा दोष नाही. ब्रिटिश जहाजांवर गोवा आणि मुंबईची माणसे पिढ्यानपिढ्या कामाला आहेत (गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात), त्यामुळे दुपारच्या बुफेत आमटीच्या जवळपास जाणारे काहीतरी बहुधा असतेच.

मेतकूट, लोणचे, चिवडा, खाकरे यांची सीलबंद पाकिटे नेता येतात, पण ती जहाजावरच खायची. बंदरावर खाद्यपदार्थ घेऊन उतरू नये. इलेक्ट्रिक कुकर, किटली, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड हे सगळे तपासणीत काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे चार आकडे न्यावेत. ओली टोपी, पिशवी आणि रेनकोट टांगायला दुसरी सोय नसते.

आता कागदपत्रे. भारतीय पासपोर्टवाल्यांची सहल अडते ती इथेच. ब्रिटनचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, कारण परत साउथँप्टनलाच उतरायचे आहे. शेंगेन व्हिसाही (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) अनेक प्रवेशांचाच हवा: मदेरा आणि अझोर्स दोन्ही पोर्तुगालची, जाताना एकदा आणि येताना एकदा. एका प्रवेशाचा शेंगेन घेऊन आलेल्याला साउथँप्टनच्या काउंटरवरच थांबवले जाऊ शकते, आणि तेव्हा पैसे परत मिळत नाहीत. मार्गात मार्टिनिक किंवा ग्वादलूप असेल तर ती फ्रान्सची असूनही शेंगेनमध्ये नाहीत, त्यांची नोंद वेगळी लागते. पासपोर्टवर अमेरिकेचा वैध, अनेक प्रवेशांचा व्हिसा असेल तर कोलंबिया, पनामा, कोस्टा रिका सवलत देतात, मात्र अटी बदलत राहतात. म्हणून प्रत्येक बंदराचे नाव लिहून जहाज कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्यावे. एजंटचे 'होऊन जाईल' हे उत्तर नव्हे.

पीतज्वराची लस हा दुसरा मुद्दा. कोलंबिया आणि पनामा या आजाराच्या यादीत आहेत. तिथून आलेल्यांकडे पुढची बंदरे प्रमाणपत्र मागू शकतात. भारताचा नियम असा की अशा देशातून सहा दिवसांच्या आत येणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरण. या मार्गावर पनामा अठराव्या दिवशी येते आणि साउथँप्टन छत्तिसाव्या, त्यामुळे पूर्ण फेरी करणाऱ्याला तो सहसा लागू होत नाही. पण पनामातच उतरून विमानाने घरी येणाऱ्याला लागतो. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि २०१६पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीपुढच्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना डॉक्टर नाही म्हणू शकतात. मग सूटपत्र घ्यावे लागते. या जहाजांवर निम्म्याहून जास्त प्रवासी साठीपुढचेच दिसतात, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

बंदरांकडे वळू. फुंशालचा धक्का गावापासून चालत वीस-पंचवीस मिनिटे. केबल कारने मोंतेला जायचे आणि वेताच्या टोपलीवजा घसरगाडीतून दोन माणसांच्या भरवशावर उताराने खाली यायचे, हा इथला ठरलेला कार्यक्रम. ही गाडी गावापर्यंत पोचवत नाही, अर्ध्या उतारावर लिव्रामेंतोला सोडते. पुढे टॅक्सी, नाहीतर गुडघ्यांची परीक्षा पाहणारा उतार. गोव्याच्या वाचकांसाठी एक जोड: १५३४मध्ये गोव्याचे बिशपक्षेत्र स्थापन झाले, तेव्हा ते याच फुंशालच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होते.

ब्रिजटाउनला जहाजाची सहल विकत घेऊ नये. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा दर ठरलेला आहे आणि अमेरिकी नोटा सगळीकडे चालतात, फक्त सुटे स्थानिक चलनात मिळतात. कार्लाइल बेचा किनारा आणि केन्सिंग्टन ओव्हल दोन्ही बंदराच्या जवळ. २९ जून २०२४ला रोहित शर्माच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवले ते हेच मैदान. सूर्यकुमारने झेल घेतला ती सीमारेषा पाहायची तर आत सोडतात का ते आधी विचारावे, सामन्याच्या तयारीत मैदान बंद असते. आणि लष्करी छापाचे कपडे घालून उतरू नका. बार्बाडोस, ग्रेनेडा आणि जमैकात ते सामान्य नागरिकाला कायद्याने मना आहे, लहान मुलाची टोपीसुद्धा.

ग्रेनेडात जायफळ. २००४च्या आयव्हन वादळाने तिथल्या बागा झोपवल्या, त्यातून हे बेट अजून पूर्वपदावर आलेले नाही. कोकणात माडाखाली जायफळ लावणाऱ्यांनी इथल्या एखाद्या केंद्रावर जायपत्री सोलणे, वाळवणे, प्रतवारी पाहायला तासभर द्यावा. नंतर बोटीने ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर. विलेमस्टाडमध्ये मोठ्या धक्क्यावरून क्वीन एमा पुलापर्यंत चालत पंधरा मिनिटे. १८८८चा हा तरंगता पूल जहाज आले की एका टोकावर फिरून बाजूला होतो. केशरी झेंडा म्हणजे थोडा वेळ, निळा म्हणजे बराच वेळ. पूल असा जहाजासाठी उघडा असताना फेरीबोट फुकट असते, त्यामुळे 'पूल बंद, टॅक्सी घ्या' म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नये.

कार्ताहेनात उष्मा हाच मुख्य अडथळा. तटबंदीचे शहर बंदरापासून तीन-चार किलोमीटर. सकाळी पहिल्या तासात उतरून अकरापर्यंत पाहून परतावे. टॅक्सीचा दर बसण्याआधी ठरवावा, आणि तो माणशी की गाडीचा, एकेरी की दुहेरी, हे चारही शब्द उच्चारून घ्यावेत. रोआतानला आणि जमैकातही हेच.

पनामाबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. 'पनामा कालवा' असे मार्गात लिहिले म्हणजे जहाज कालव्यात शिरतेच असे नाही. तीन प्रकार असतात. पहिला, जहाज कोलोनच्या धक्क्याला लागते आणि कालवा बसने जाऊन पाहायचा; या मार्गावर बहुधा हेच. दुसरा, जहाज गातूनची तीन पायऱ्यांची लॉक (दारे बंद करून, पाणी भरून जहाज उचलणारे हौद) चढून गातून तलावात जाते आणि त्याच वाटेने परत येते. तिसरा, पूर्ण कालवा पार करून पॅसिफिकला. पैसे भरण्याआधी यातला कोणता ते विचारा. दुसरा प्रकार असेल तर जहाजाची मापे बघा. १९१४च्या जुन्या लॉकची रुंदी ३३.५ मीटर, त्यात मावणारे जहाज जास्तीत जास्त ३२.३ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना साठ साठ सेंटिमीटर उरतात, आणि खालच्या डेकवरून भिंतीचे ओले काँक्रीट हाताला लागेल की काय असे वाटते. रुळांवरची विद्युत इंजिने, ज्यांना तिथे 'मुला' म्हणजे खेचरे म्हणतात, दोन्ही बाजूंनी दोर ताणून जहाज मधोमध धरतात. २०१६च्या नव्या लॉकमधून मोठी जहाजे जातात, पण तिथे ही खेचरे नाहीत, टगबोटी आहेत. पाहायला त्यात तेवढी गंमत नाही. म्हणून छोटे जहाज जास्त महाग असले तरी पनामासाठी तेच घ्यावे.

तलाव समुद्रापासून २६ मीटर उंच आहे. पाणी वर ढकलायला पंप नाही, सगळे पाणी तलावातून उताराने खाली येते. जुन्या लॉकमधून एक जहाज पार होताना सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. २०२३च्या दुष्काळात रोजच्या जहाजांची संख्या घटवावी लागली ती यामुळेच. अशा वर्षी क्रूझचा कालवाप्रवेश रद्द होण्याची शक्यता धरून चालावे. जहाज कोलोनला लागणार असेल तर दोन पर्याय चांगले: आग्वा क्लाराच्या केंद्रातून नवी लॉक वरून पाहणे, किंवा गांबोआहून छोट्या बोटीने पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेसच्या लॉकमधून खाली उतरणे. दुसऱ्यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो, आणि रस्त्यातली कोंडी पाहता ही सहल जहाजाकडूनच घ्यावी. उशीर झाला तर जहाज आपल्याच सहलीसाठी थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी नाही. कोलोन गावात पायी फिरू नये. धक्क्यालगतची दुकाने सोडून बाहेर चालत जाण्याचा सल्ला तिथले लोकही देत नाहीत.

पुएर्तो लिमोनला पाऊस गृहीत धरा. कोस्टा रिकाच्या या बाजूला कोरडा ऋतूच नाही. कालव्यांतून बोटीने फिरताना झाडावरचे स्लॉथ दिसतात, मार्गदर्शकाशिवाय ते फांदीचे गाठोडे वाटतात. केळीच्या बागा पाहणाऱ्या जळगावकराला घडांवरच्या निळ्या पिशव्या ओळखीच्या वाटतील. बघण्यासारखे आहे ते घड तारेवर टांगून पॅकिंग शेडपर्यंत ओढत नेणे. रोआतानला वेस्ट बेचा किनारा आणि पोहताना पाहायचे प्रवाळ. ग्रेट बॅरियर रीफनंतर जगातली सर्वात मोठी प्रवाळरांग इथून जाते. बेलीझ सिटीला समुद्र उथळ, जहाज कित्येक किलोमीटर बाहेर नांगर टाकते आणि छोट्या बोटीने वीस-तीस मिनिटांत किनारा. लाट वाढली तर हे बंदर रद्द होते, गेलात तरी आठातले दीड-दोन तास बोटींत जातात. गुडघे कमकुवत असतील तर त्या दिवशी रिकाम्या जहाजावर पोहण्याचा तलाव आपलाच. ओचो रिओसला डन्स रिव्हरचा धबधबा पाण्यातून चढायचा असतो, रबरी तळाचे बूट घरूनच न्यावेत. तिथे भाड्याचे मिळतात ते झिजलेले असतात.

जमैकानंतर सात दिवस पाणी, आणि हे जातानाच्या सहा दिवसांसारखे नाही. सुरुवातीला वारा समोरून, पुढे लाट वायव्येकडून, रोज-दोन रोजांनी एक तास झोप कमी. कंपनीने याच आठवड्यात करमणूक वाढवलेली असते, तरी लोक चिडचिडे होतात. खोकला आणि नोरोव्हायरसही याच टप्प्यात पसरतात. दारातल्या सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणीच लागते. जुलाब-उलट्या झाल्या तर कळवले की केबिनमध्ये ४८ तास बसवतात. म्हणून लोक लपवतात, आणि म्हणून तो पसरतो. विम्यात क्रूझ आणि वैद्यकीय स्थलांतर (आजाऱ्याला जहाजावरून रुग्णालयात हलवणे) दोन्ही असल्याची खात्री करा. मध्य अटलांटिकमध्ये हेलिकॉप्टर पोचत नाही. तेव्हा रोजची औषधे ३५ नव्हे, ४५ दिवसांची, आणि हातातल्या पिशवीत.

पोंता देल्गादा लागले तर नशीब. हिवाळी लाटांमुळे हे बंदर अनेकदा गळते. गळलेल्या बंदराचा फक्त बंदरकर परत मिळतो, तोही जहाजावरच्या खात्यात.

वरचा खर्च विसरू नका. काही ब्रिटिश कंपन्यांनी बक्षिशी भाड्यातच धरली आहे, अमेरिकी कंपन्या माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर लावतात. १८ धरले तर दोघांचे ३५ दिवसांचे १,२६० डॉलर होतात. पेयांचे पॅकेज एकदा घेतले की शेवटपर्यंत, मधेच थांबवता येत नाही. कपडे धुण्याची स्वतःची सोय जहाजावर आहे का, हे केबिन घेण्याआधी विचारा. असेल तर समुद्राच्या दिवशी सकाळी सातला जा, दहाला रांग लागते.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चष्मा आणि औषधे त्यात जाऊ देऊ नका. परतीचे मुंबईचे विमान त्याच दिवशी धरायचे असेल तर रात्रीचे धरा: साउथँप्टनहून हीथ्रोला कोचने दोन तास, आणि धुके असेल तर जहाज धक्क्याला कधी लागेल हे कप्तानही सांगू शकत नाही.